तारीख मागे नेता, मग व्याज का नाही? महाराष्ट्रातून लोकसभेत गेलेल्या ४८ खासदारांना खुले पत्र

सन्माननीय सदस्यहो,

स. न. वि. वि.

अर्थसंकल्पाच्या दिवशी टीव्हीवर स्लॅबची चर्चा रंगात आलेली असते, तेव्हा आमच्यासारखे करसल्लागार वित्त विधेयकाची पीडीएफ उघडून एक वाक्य शोधत बसलेले असतात. "नेहमीच तसे होते, असे मानले जाईल." मूळ मसुद्यात ते जड कायदेशीर इंग्रजीत असतं, अर्थ हाच. ते सापडलं की समजायचं, सरकार कुठला तरी खटला हरलं आहे आणि आता निकालाच्या मागची तारीख घालून कायदा दुरुस्त होतो आहे. मग कुठल्या कुठल्या अशिलांना फोन करावे लागणार, याची यादी आपोआप डोक्यात सुरू होते.

ते वाक्य लिहितो कोणी मसुदाकार, सभागृहात मांडतात अर्थमंत्री. पण आपण 'होय' म्हटल्याशिवाय त्याचा कायदा होत नाही. म्हणून हे पत्र अर्थ मंत्रालयाला न पाठवता आपल्याला लिहिते आहे.

आधी एक गोष्ट मोकळेपणानं मान्य करते. पूर्वलक्षी, म्हणजे मागच्या तारखेपासून, कर लावणं घटनाबाह्य नाही. आजच्या कायद्यानं कालच्या कृत्याला गुन्हा ठरवता येत नाही, हे संरक्षण घटनेच्या अनुच्छेद २०(१) मध्ये आहे. कराला ते नाही. संसदेला मागची तारीख घालता येते, आणि कधी कधी ती घातलेली बरीही असते. जीएसटी उशिरा भरला तर व्याज पूर्ण करावर की क्रेडिट (खरेदीवर आधीच भरलेला कर) वजा जाता रोख भरायच्या रकमेवर, असा घोळ सुरुवातीला होता. २०२१ मध्ये दुरुस्ती झाली ती १ जुलै २०१७ पासून लागू, व्याज फक्त रोख रकमेवर. कित्येक छोट्या व्यापाऱ्यांचा जीव भांड्यात पडला. त्या पूर्वलक्षी तारखेबद्दल कोणी मोर्चा काढला नाही, मीही काढला नसता.

तेव्हा माझं भांडण मागच्या तारखेशी तेवढं नाही. माझं भांडण व्याजाशी आहे. सरकार मागे जाऊन कर मागतं तेव्हा व्याजाचं मीटरही मागे जातं. सरकारला मागे घेतलेला कर परत द्यायची वेळ येते तेव्हा ते मीटर एक तर निम्म्या वेगानं पळतं, नाहीतर पळतच नाही. आपल्या बाजारात याला मापात पाप म्हणतात.

सगळ्यात मोठं उदाहरण आपल्याला ठाऊक असेलच, तरी त्यातला व्याजाचा धागा फारसा कोणी धरलेला नाही, म्हणून तो जरा उलगडते.

२००७ मध्ये व्होडाफोनच्या डच कंपनीनं हचिसनकडून केमन बेटांवरच्या एका कंपनीचा शेअर विकत घेतला. त्या एका शेअरच्या पोटात भारतातला मोबाइलचा धंदा होता. सौदा सुमारे ११ अब्ज डॉलरचा, आणि भारतात त्यावर कर एक पैसा नाही. प्राप्तिकर खात्यानं हरकत घेतली. मुंबई उच्च न्यायालयानं सप्टेंबर २०१० मध्ये खात्याची बाजू उचलून धरली, तर २० जानेवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयानं सरन्यायाधीश कापडिया यांच्या पीठातर्फे कंपनीच्या बाजूनं निकाल दिला. मला त्या कंपनीचा काडीचाही पुळका नाही. असा सौदा करपात्र असायला हवा असं मलाही वाटतं, आणि २०१२ नंतरच्या सौद्यांसाठी तसा कायदा केला असता तर मी टाळ्याच वाजवल्या असत्या.

त्या निकालाच्या शेवटी दोन ओळी आहेत. खटला चालू असताना न्यायालयाच्या आदेशावरून कंपनीनं २,५०० कोटी रुपये भरले होते. ते दोन महिन्यांत परत करा, आणि सोबत वर्षाला ४ टक्के व्याज द्या, असं न्यायालयानं सांगितलं. म्हणजे वर्षाला १०० कोटी. कोणी म्हणेल, सरकारनं ते पैसे काही चैनीवर उधळले नव्हते, मग व्याज कशाला? व्याज अशासाठी की पैसे एकाचे होते आणि वापरत दुसरा होता. यात बक्षीस, दंड, मेहेरबानी काहीच नाही. घर वापरलं तर भाडं द्यावं लागतं, इतकी साधी गोष्ट.

मग आला वित्त कायदा, २०१२. प्रणव मुखर्जी अर्थमंत्री होते. प्राप्तिकर कायद्याच्या कलम ९ ला स्पष्टीकरण जोडलं गेलं, 'शंकानिरसनार्थ' म्हणून. शंका नेमकी कोणाची होती ते कळलं नाही, कारण सर्वोच्च न्यायालयानं तर नुकताच खुलासेवार निकाल दिला होता. स्पष्टीकरणाची तारीख १ एप्रिल १९६२. प्राप्तिकर कायदा ज्या दिवशी अमलात आला, थेट तो दिवस. मी तेव्हा जन्मालाही आले नव्हते, आपल्यापैकीही बरेच जण आले नसतील.

आता व्याजाचं बघा. जी करदेयता जन्मालाच आली २०१२ मध्ये, तिच्यावर उशिराचं व्याज मोजायचं २००७ पासून. ज्या दिवशी सौदा झाला त्या दिवशी जगातला कुठलाही सल्लागार, अगदी देव जरी सल्लागार म्हणून बसला असता तरी, २०१२ चा कायदा वाचून कर भरा असं सांगू शकला नसता. उशीर होण्यासाठी आधी वेळ ठरलेली असावी लागते. डॉ. पार्थसारथी शोम यांच्या समितीनं त्याच वर्षी हे नेमकं हेरलं होतं. अशी दुरुस्ती पुढच्या तारखेपासूनच लागू करावी, आणि मागे न्यायचीच असेल तर निदान व्याज आणि दंड तरी लावू नयेत, अशी त्यांची शिफारस होती. सरकारनंच नेमलेली समिती, सरकारलाच दिलेला अहवाल. तो बाजूला राहिला.

पुढचं थोडक्यात. केर्न एनर्जीनं २००६ मध्ये आपल्या भारतातल्या कंपन्यांची अंतर्गत फेररचना केली होती. तिलाही याच दुरुस्तीच्या आधारे २०१५ मध्ये १०,२४७ कोटींची डिमांड आली. खात्यानं कंपनीचे शेअर विकले, लाभांश अडवला, रिफंड वळता करून घेतला. प्रकरण आंतरराष्ट्रीय लवादात गेलं. सप्टेंबर २०२० मध्ये व्होडाफोनच्या आणि डिसेंबर २०२० मध्ये केर्नच्या प्रकरणात भारत हरला. केर्नच्या निवाड्यात १.२ अब्ज डॉलर, शिवाय व्याज आणि खर्च. जुलै २०२१ मध्ये पॅरिसमधल्या भारत सरकारच्या मालमत्तांवर टाच आल्याच्या बातम्या आल्या आणि पुढच्याच महिन्यात, ५ ऑगस्टला, कर कायदे (दुरुस्ती) विधेयक लोकसभेत मांडलं गेलं. चार-पाच दिवसांत दोन्ही सभागृहांतून पार. नऊ वर्षं जे कोणाला मागे घेता आलं नाही, ते एका आठवड्यात मागे घेतलं गेलं. या शहाणपणाबद्दल निर्मला सीतारामन यांचं तेव्हाही कौतुक केलं होतं, आजही करते.

पण त्या कायद्यातली अट वाचलीत का? पैसे परत हवे असतील तर सगळे खटले मागे घ्या. खर्च, नुकसानभरपाई आणि व्याजाचा दावा सोडा. पुढे कधी मागणार नाही असं हमीपत्र द्या. मग मुद्दल मिळेल. कलम २४४ए, म्हणजे रिफंडवरच्या व्याजाचं कलम, या रकमेला लागू होणार नाही, असं त्यातच लिहिलं आहे. परत करायची रक्कम सुमारे ८,१०० कोटी, त्यातले जवळपास ७,९०० कोटी एकट्या केर्नचे. कायद्यातला नेहमीचा, म्हणजे महिन्याला अर्ध्या टक्क्याचा दर लावला असता तरी ७,९०० कोटींवर वर्षाला ४७४ कोटी व्याज होतं. ते शून्य झालं. २०१२ मध्ये न्यायालयानं निदान ४ टक्के तरी देववले होते. २०२१ मध्ये, कर मुळात लावायला नको होता हे स्वतःच कबूल करताना, संसदेनं तेवढेही दिले नाहीत.

कंपनी गडगंज होती, तिनं सही केली, पैसे घेतले, विषय संपवला. तिच्यासाठी रडायला मी बसलेले नाही. मोठ्यांच्या प्रकरणात रुळलेला हिशेब लहानांच्या दारात येतो, म्हणून हे सगळं लिहावं लागलं.

लहानांच्या दारातलाच एक हिशेब दाखवते.

घरून भाषांतराचं काम करणारी एक मुलगी माझ्याकडे रिटर्न भरायला येते. कंपन्या तिच्या बिलातून दहा टक्के टीडीएस कापतात, खर्च वजा जाता कर कमी बसतो, म्हणून दरवर्षी रिफंड निघतो. एका वर्षी तो ३८,४६० रुपये होता. रिटर्न वेळेत भरलेलं, रिफंड नोव्हेंबरात जमा झाला. खात्याकडून तिला आलेल्या इंटिमेशनवर, म्हणजे हिशेबाच्या सूचनेवर, मी पेन्सिलनं मांडून दाखवलं: व्याज मोजताना रक्कम खालच्या शंभरावर आणायची, म्हणजे ३८,४००. एप्रिल ते नोव्हेंबर आठ महिने, महिन्याला अर्धा टक्का, म्हणजे ४ टक्के. व्याज १,५३६ रुपये. ती खूश. मग मी दुसऱ्या बाजूला मांडलं: समज, हेच ३८,४६० रुपये तुझ्याकडून येणं असते आणि तू नोव्हेंबरात भरले असतेस. आगाऊ कर कमी भरल्याच्या व्याजाचं कलम २३४बी, महिन्याला एक टक्का, ८ टक्के. व्याज ३,०७२ रुपये, वर आगाऊ कराचा हप्ता चुकल्याचं २३४सी वेगळं.

"ताई, म्हणजे मी सरकारला उसने दिले तर अर्धा टक्का आणि सरकारनं मला दिले तर एक टक्का?"

हो. आणि पुढचं ऐक म्हटलं. हे १,५३६ पुढच्या रिटर्नमध्ये 'इतर स्रोतांपासूनचं उत्पन्न' म्हणून दाखवायचे. वीस टक्क्यांचा टप्पा धरला तर उपकरासह ३१९ रुपये परत गेले. बँकेच्या व्याजावर कर असतो तसा यावरही असावा, हे मला पटतं. पण तू भरलेले ३,०७२ मात्र खर्च म्हणून कुठेही वजा मागता येत नाहीत. येणारं व्याज उत्पन्न, जाणारं व्याज गंगार्पण.

अर्धा आणि एक टक्क्याचे हे दर सप्टेंबर २००३ पासूनचे आहेत. नवा प्राप्तिकर कायदा, २०२५ आला, त्याच्या अंमलाची तारीख १ एप्रिल २०२६. भाषा सोपी झाली, 'करवर्ष' आलं, कलमांचे क्रमांक बदलले. मसुद्यात एक अशीही मेख होती की मुदतीनंतर रिटर्न भरणाऱ्याला रिफंडच मागता येणार नाही. बैजयंत पांडा यांच्या अध्यक्षतेखालच्या निवड समितीनं ती काढायला लावली, हे आपल्याच सहकाऱ्यांचं चांगलं काम. व्याजाच्या दोन दरांमधली दरी मात्र तशीच पुढच्या कायद्यात चालत आली. जीएसटीत तर ती याहून रुंद आहे. व्यापाऱ्यानं उशीर केला तर वर्षाला १८ टक्के; सरकारनं रिफंडला साठ दिवसांपेक्षा उशीर केला तर ६ टक्के, अपिलात जिंकून मिळवलेला रिफंडही रखडला तर ९.

सरकारची बाजू मला ठाऊक नाही असं नाही. रिफंडवर वर्षाला बारा टक्के दिले तर लोक मुद्दाम जास्त आगाऊ कर भरून सरकारलाच बँक करून टाकतील, हा युक्तिवाद खोटा नाही. उशिरा भरणाऱ्याच्या व्याजात थोडा धाक असावा लागतो, हेही खरं. आणि रिफंड कराच्या दहा टक्क्यांहून कमी असेल तर व्याजच नाही, या अटीवर आमचे लोक चिडतात खरे, पण २३४बी मध्ये करदात्यालाही दहा टक्क्यांची तशीच सूट आहे, हे मी त्यांना सांगते. जिथे माप सारखं आहे तिथे सारखं म्हणावं.

पण हा सगळा युक्तिवाद स्वतःहून जास्त भरलेल्या पैशांना लागू पडतो. सरकारनं डिमांड काढून, खातं गोठवण्याची भीती घालून वसूल केलेल्या आणि नंतर चुकीच्या ठरलेल्या पैशांचं काय? तिथे कोणी हौसेनं सरकारकडे ठेव ठेवलेली नसते.

पहिल्या अपिलाचा निकाल लागेपर्यंत वसुलीला स्थगिती हवी असेल तर साधारणपणे वादग्रस्त डिमांडच्या २० टक्के भरा, असा केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाचा जुलै २०१७ चा आदेश आहे. आधी ते १५ टक्के होते. एखाद्या छोट्या कारखानदाराला १० लाखांची डिमांड आली असं धरा. २ लाख भरले, अपील केलं, पाच वर्षं गेली. जिंकला, तर २ लाखांवर साठ महिने अर्धा टक्का, ६० हजार व्याज. हरला, तर उरलेल्या ८ लाखांवर कलम २२०(२) खाली साठ महिने एक टक्का, ४ लाख ८० हजार. स्थगिती असली तरी ते मीटर थांबत नाही. वाद तोच, कालावधी तोच, तारखा पडल्या त्याही दोघांच्या संमतीशिवाय. फक्त कोण हरलं यावर व्याजाचा दर दुप्पट किंवा निम्मा.

आणि मीटरला वर छतही नाही. मुंबई इलाख्यात हिंदू ऋणकोला दामदुपटीचं संरक्षण होतं. सावकार कितीही नाडणारा असला तरी एका वेळी मुद्दलापेक्षा जास्त व्याज त्याला मागता येत नसे. महिन्याला एक टक्का म्हणजे शंभर महिन्यांत, आठ वर्षं चार महिन्यांत, व्याज मुद्दलाएवढं होतं. करवाद त्याहून जुने होणं ही आपल्याकडे काही नवलाची गोष्ट नाही, आणि मागची तारीख घातली की ते जन्मतःच जुने असतात.

न्यायालयांनी हे दुखणं वेळोवेळी ओळखलं आहे. आपल्या पुण्याच्या सँडविक एशियाचं व्याज खात्यानं बारा ते सतरा वर्षं अडवून ठेवलं होतं. जानेवारी २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्या उशिराची भरपाई द्यायला लावली. सात वर्षांनी, गुजरात फ्लोरोकेमिकल्सच्या निकालात न्यायालयानंच हात आखडता घेतला: ती भरपाई त्या प्रकरणापुरती होती, एरवी कायद्यात लिहिलंय तेवढंच व्याज मिळेल. २०१४ मध्ये टाटा केमिकल्सच्या प्रकरणात पुन्हा सांगितलं की हक्क नसताना दुसऱ्याचा पैसा ठेवून घेणाऱ्या सरकारवर तो व्याजासह परत करण्याची जबाबदारी येते. आणि पूर्वलक्षी कराच्या बाबतीत २००५ मधला स्टार इंडियाचा निकाल तर अगदी मुद्द्याला हात घालणारा आहे. सेवा कर मागच्या तारखेनं लावला गेला होता. न्यायालयानं म्हटलं, व्याज हे कसूर केल्याबद्दल असतं, जवळपास शिक्षेसारखं. कर मागे नेलात तरी ही शिक्षा मागे नेता येणार नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये खनिजांच्या प्रकरणातही हेच झालं. खनिज हक्कांवर कर लावण्याचा राज्यांचा अधिकार नऊ न्यायाधीशांच्या पीठानं मान्य केला. मागची थकबाकी १ एप्रिल २००५ पासून वसूल करता येईल असंही सांगितलं. पण ती बारा वर्षांच्या हप्त्यांनी, आणि २५ जुलै २०२४ पूर्वीच्या मागणीवर व्याज आणि दंड माफ. जो कर देय आहे की नाही हे इतकी वर्षं कोणालाच सांगता येत नव्हतं, त्यावर उशिराचा भुर्दंड नको, हे न्यायालयाला सुचलं. मग ते कायद्याच्या पुस्तकात का येत नाही? प्रत्येकानं दिल्लीला जाऊन वकील लावून हे एकेकट्यानं मिळवायचं का?

२०२१ मध्ये पूर्वलक्षी कराला मूठमाती दिली असं पुष्कळांना वाटतं. मलाही वाटलं होतं. २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानं शिक्षण उपकर हा खर्च म्हणून वजा मिळतो असा निकाल दिला. २०२२ च्या वित्त कायद्यानं तो दरवाजा बंद केला, तोही २००५ पासून. ज्यांनी निकालावर विश्वास ठेवून वजावट घेतली, त्यांनी स्वतःहून अर्ज करून फरक भरला नाही तर ते 'कमी दाखवलेलं उत्पन्न' ठरणार, दंडासह.

आणि मग २०२५. इमारतीच्या बांधकामावरचं क्रेडिट नाकारणाऱ्या जीएसटी कायद्याच्या कलम १७(५)(डी) मध्ये अपवाद म्हणून 'प्लांट किंवा मशिनरी' असे शब्द होते. सफारी रिट्रीट्सच्या प्रकरणात ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की 'किंवा' म्हणजे किंवा. भाड्यानं देण्यासाठी बांधलेली इमारत प्रसंगी 'प्लांट' ठरू शकते आणि तिच्या बांधकामावरचं क्रेडिट मिळू शकतं. डिसेंबरात जैसलमेरला जीएसटी परिषदेची बैठक झाली, आणि पुढच्या वित्त विधेयकात 'किंवा'चं 'आणि' झालं. १ जुलै २०१७ पासून, कुठल्याही न्यायालयाचा निकाल काहीही असला तरी. खुलासा असा की मुळात लिहिण्यात चूक झाली होती. असेल. पण साडेसात वर्षं ती चूक राजपत्रात छापलेली होती आणि लोक छापलेलं वाचून वागत होते. मसुदाकाराच्या 'किंवा'वर विसंबून ज्यानं क्रेडिट वापरलं त्याच्याकडे आता ते परत मागितलं जाईल तेव्हा १८ टक्क्यांचं व्याज कधीपासून, हे दुरुस्तीत सांगितलेलं नाही. एक ओळ पुरली असती.

तारीख मागे नेताना काळजीपूर्वक लिहिणं संसदेला जमत नाही, असंही म्हणता येत नाही. मार्च २०१८ मध्ये वित्त विधेयक लोकसभेत चर्चेविना मंजूर झालं. त्यात विदेशी देणग्यांसंबंधीच्या एका दुरुस्तीत '२६ सप्टेंबर २०१०' काढून '५ ऑगस्ट १९७६' घातलं गेलं. राजकीय पक्षांनी घेतलेल्या जुन्या देणग्या त्या एका बदलानं नियमित झाल्या. किती नेमकं काम! तारीख बरोब्बर, परिणाम बरोब्बर, कोणाला भुर्दंड नाही. हीच नजाकत करदात्याच्या वाट्याला यावी एवढंच मागणं आहे.

तर, मागणं दोन वाक्यांत बसतं. करदेयता मागच्या तारखेपासून निर्माण करणारी किंवा वाढवणारी दुरुस्ती असेल, तर ती दुरुस्ती मंजूर होण्याआधीच्या काळासाठी व्याज आणि दंड नाही, असं त्याच कलमात लिहावं. आणि सरकारनं डिमांडपोटी वसूल केलेली रक्कम अपिलात, दुरुस्तीनं किंवा कायदा मागे घेतल्यामुळे परत करायची असेल, तर करदात्याकडून ज्या दरानं व्याज घेतलं असतं त्याच दरानं, पैसे घेतले त्या दिवसापासून द्यावं. दर एक टक्का ठेवा, पाऊण ठेवा, बँक दराला बांधा, दोन्हीकडे एकच ठेवा म्हणजे झालं. टीडीएसचा साधा रिफंड सध्या यातून वगळलात तरी मी कुरकूर करणार नाही, भाषांतर करणारी ती मुलगी करेल.

यासाठी आपल्याला स्वतंत्र विधेयक आणायची गरज नाही. वित्त विधेयकावरच्या चर्चेत आपल्या पक्षाला वेळ मिळतो. सत्ताधारी बाकांवर असाल तर मंत्र्यांना आधी भेटता येतं, विरोधी बाकांवर असाल तर प्रश्न विचारता येतो: या कलमाची तारीख मागची आहे, तर व्याजाची तारीख कोणती? एवढा एकच प्रश्न, नोंदीत येईल असा. उत्तर काय येतं ते वाचायला आम्ही बसलेलोच असतो.

आपली नम्र,
गेली बावीस वर्षं दुसऱ्यांची रिटर्न भरणारी एक मतदार

ता. क. महाराष्ट्रातून राज्यसभेवर असलेल्या १९ सदस्यांना हे पत्र मुद्दाम पाठवलेलं नाही. त्यांचा अनादर करायचा हेतू नाही. वित्त विधेयक हे धन विधेयक म्हणून येतं, त्यावर राज्यसभेला चौदा दिवसांत फक्त शिफारशी करता येतात आणि त्या स्वीकारायच्या की नाही हे लोकसभा ठरवते. ते ठरवणारे आपण आहात.